१७२.३१.०.० : एका जुन्या वादाचा वारसा

ॲमेझॉनच्या क्लाउडवर तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या खात्यात आपोआप तयार झालेली दोन आभासी नेटवर्क, म्हणजे डीफॉल्ट व्हीपीसी, पिअरिंगने जोडून पाहा. विनंती लगेच अयशस्वी होते. विद्यार्थी मग सिक्युरिटी ग्रुप उघडतात, पोर्ट तपासत बसतात. दोष तिथे नसतोच. दोन्ही नेटवर्कचा पत्त्यांचा पट्टा एकच आहे: १७२.३१.०.०/१६. असे का, हे समजायला १९९४ पर्यंत मागे जावे लागते.

प्रत्येक यंत्राचा पत्ता जगात एकमेव असावा, ही इंटरनेटची मूळ कल्पना. पण ३२ बिटांत सुमारे ४३० कोटी पत्तेच बसतात आणि ते झपाट्याने वाटले जात होते. म्हणून मार्च १९९४ च्या आरएफसी १५९७ ने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले. त्यांतला १०.०.०.० हा पूर्वी आर्पानेटचा. ते १९९० मध्ये बंद झाल्याने मोकळा पडलेला. जुलैमध्येच एलियट लिअर आणि तीन सहकाऱ्यांनी आरएफसी १६२७ लिहून कडक विरोध केला. पत्त्यांचे एकमेवपण एकदा गेले की पुढे जोडणी करताना किंमत मोजावी लागेल, हा त्यांचा मुद्दा.

फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ आला. त्याच्या लेखकांत खुद्द लिअर होते! खासगी पट्टे कायम राहिले, पण सोबत एक शिफारस आली: आपला भाग यादृच्छिकपणे निवडा, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता कमी होईल. माझ्या मते त्या दस्तऐवजातली सर्वांत दुर्लक्षित सूचना हीच.

ॲमेझॉनने २००९ मध्ये व्हीपीसी आणले. २०१३ पासून नव्या खात्यांना ते तयारच मिळू लागले, सर्वांना त्याच पट्ट्यासह. नवशिक्यांना सोयीचे, पण शिफारशीच्या नेमके उलटे. २०१४ मध्ये पिअरिंगची सोय आली आणि टक्कर दिसू लागली. १७२.३१.५.९ कडे निघालेले पॅकेट राउट टेबलातल्या 'लोकल' नोंदीमुळे आपल्याच नेटवर्कात राहते; पलीकडच्या त्याच पत्त्याच्या यंत्राकडे जायला वाटच नाही.

मूळ पट्टा नंतर बदलता येत नाही. दुसरा पट्टा जोडूनही भागत नाही, कारण एक जरी आदळला तरी पिअरिंग नाकारले जाते. म्हणून नवे व्हीपीसी उभारा, एकाला १०.७३.०.०/१६ आणि दुसऱ्याला १०.१४८.०.०/१६ द्या, यंत्रे तिथे हलवा. पिअरिंग स्वीकारल्यावर दोन्ही बाजूंच्या राउट टेबलांत समोरच्या पट्ट्याची नोंद करा. सिक्युरिटी ग्रुपची पाळी त्यानंतरची.