गाडीचा भाव कोण ठरवतं? 'ऑन'च्या जमान्यापासून 'ऑफर'च्या जमान्यापर्यंत

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या दारात ट्रॅक्टर, पिकअप किंवा ट्रक उभा आहे, किंवा ज्यांच्या घरी या हंगामाला गाडी घ्यायची बोलणी चालू आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आपल्या वडीगोद्री फाट्यावर अर्धा तास थांबून बघा. जालना-अंबडकडून सळईने भरलेले ट्रक येतात आणि धुळे-सोलापूर महामार्गाला लागतात. मोसंबीचे पिकअप जातात. गळीत हंगाम सुरू झाला की अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याकडे उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते. यातल्या कुठल्याही मालकाला हप्ता किती ते विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण "गाडी घेताना सूट किती मिळाली आणि ती कोणत्या कागदावर लिहिली होती?" असं विचारा. बहुतेक जण गप्प होतात. मीसुद्धा झालो होतो, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण एक काळ असा होता की ट्रकवर सूट मिळणं सोडा, छापील किमतीच्या वर पैसे मोजावे लागायचे. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. म्हणजे मर्सिडीजचा तो तीन टोकांचा तारा आपल्या लोकांनी पहिल्यांदा बघितला तो शेठजींच्या कारवर नाही, ट्रकच्या तोंडावर बघितला. हे लक्षात ठेवा, हा तारा पुढे परत येणार आहे.

त्या काळात किती गाड्या बनवायच्या हे कंपनी नाही, सरकारचा परवाना ठरवायचा. मागणी जास्त, गाड्या कमी. 1963 मध्ये तर केंद्र सरकारने व्यापारी वाहनांच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेशच काढला. नंबर लावायचा आणि वाट बघायची. ज्याचा नंबर लागायचा त्याच्याकडे दुसरा माणूस जायचा आणि वरचे पैसे देऊन गाडी उचलायचा. त्या वरच्या पैशाला 'ऑन' म्हणायचे. बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबलेली माणसं तुमच्याही घरात असतील, विचारून बघा. अशा बाजारात घासाघीस कसली करता? विकणारा एक आणि मागे रांग शंभराची. गिऱ्हाईकच हात जोडून उभं!

हे बदललं ते हळूहळू. 1980 नंतर जपानी कंपन्यांच्या भागीदारीत आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान अशा हलक्या ट्रकच्या कंपन्या आल्या. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी 1986 मध्ये '407' काढली, जिला आपण आजही नुसतं 'चारशेसात' म्हणतो. 1991 ला परवाना राज मोडलं. 2005 मध्ये टाटा एस आली, म्हणजे आपला छोटा हत्ती, आणि ट्रक घेण्याची ऐपत नसलेला पोरगाही मालक झाला. आता विकणारे पाच-सहा झाले. गाड्या शोरूमच्या मागच्या पटांगणात उभ्या राहू लागल्या. 'ऑन' गेला आणि 'ऑफर' आली.

इथे पहिली गोष्ट समजून घ्या. सूट ही दिवाळीची भेट नसते. पटांगणात उभ्या असलेल्या गाडीवर डीलरला रोज व्याज बसतं, आणि त्याला कंपनीचं महिन्याचं, तिमाहीचं टार्गेट असतं. सूट त्या दोन काट्यांवर हलते.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपण डोळ्यांनी बघितलाय. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्या विकता येणार नाहीत. तेव्हा देशभरात अशा सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या पडून होत्या, त्यात नव्वद हजारांहून जास्त व्यापारी वाहनं. मग काय झालं? 30 आणि 31 मार्चला शोरूमसमोर जत्रा भरली. जी मोटारसायकल आदल्या आठवड्यात हजार रुपयेसुद्धा कमी होत नव्हती, तिच्यावर दहा, पंधरा, वीस हजार सुटले. गाडी तीच होती. डीलरची गरज तेवढी बदलली होती.

पुढच्याच वर्षी दुसरा प्रसंग. जुलै 2018 मध्ये केंद्राने ट्रकच्या एक्सलवर किती वजन चालेल याची मर्यादा वाढवली. जुन्याच ट्रकमध्ये जास्त माल कायदेशीर बसू लागला, म्हणून नवीन ट्रकची मागणी पडली. त्याच सप्टेंबरात आयएल अँड एफएस कंपनी बुडाली आणि फायनान्स कंपन्यांनी हात आखडता घेतला. 2019 मध्ये मोठ्या ट्रकवर लाखांच्या सुटी होत्या. पण त्या कुणाला मिळाल्या? ज्याच्याकडे वीस-पंचवीस गाड्या आहेत, जो एका वेळी पाच उचलतो, त्याला. एक गाडी घेणाऱ्याला चहा, हार आणि गाडीसोबत फोटो.

याच 2019 मध्ये आमच्या घरी पिकअप आली. शोरूमचं नाव सांगत नाही, कारण रडगाणं एका शोरूमचं नाही. माझा चुलतभाऊ टोकन देऊन आला तो नाचतच. "दादा, चाळीस हजार सुटले! मॅनेजर म्हणला, फक्त तुमच्यासाठी." मी पण खूश झालो. पेढे वाटले. वर्षभराने काहीतरी कामासाठी फाईल काढली आणि कागद एकाखाली एक मांडले, तेव्हा डोळे उघडले. विमा शोरूममधूनच घ्या म्हणाले होते. तोच विमा बाहेर नऊ हजारांनी स्वस्त होता. 'हँडलिंग चार्ज' म्हणून साडेचार हजार लावले होते, जे ना आरटीओला जातात ना सरकारला. आणि खरी मेख होती कर्जात. शोरूममध्ये टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याचा दर दुसरीकडच्या दरापेक्षा एक टक्का जास्त होता. फ्लॅट.

एक टक्का म्हणजे काय हो, असं आम्हाला वाटलं. हिशोब करा. आठ लाखांचं कर्ज, चार वर्षं. एक टक्का फ्लॅट म्हणजे वर्षाला आठ हजार, चार वर्षांचे बत्तीस हजार. बत्तीस अधिक नऊ अधिक साडेचार, झाले साडेपंचेचाळीस हजार. सूट चाळीस हजार! म्हणजे सूट घेऊन आम्ही साडेपाच हजार वर दिले, आणि पेढ्याचे वेगळे.

'फ्लॅट' हा शब्दही नीट समजून घ्या. फ्लॅट व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लागतं, तुम्ही अर्धं कर्ज फेडलं तरी. चार वर्षांच्या कर्जावर 9 टक्के फ्लॅट म्हणजे बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशोबाने जवळपास 16 टक्के. एक जण 'नऊ' म्हणतो, दुसरा 'बारा' म्हणतो, आणि आपण नऊवाल्याकडे जातो. बारावाला स्वस्त होता राव!

आता तो तारा परत येतो. ऑक्टोबर 2010. तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. आपल्यापासून दीड-दोन तासांवर. तिथल्या उद्योजक, बिल्डर, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज घेतल्या. साधारण 65 कोटींचा सौदा. देशभर बातमी झाली की मागास मराठवाड्यात हे काय चाललंय. पण त्या बातमीत आपल्या कामाची गोष्ट वेगळीच होती. ते दीडशे जण वेगवेगळे शोरूमला गेले नाहीत. आधी आपसात यादी केली, मग कंपनीशी बोलले, मग स्टेट बँकेशी बोलले. बँकेने चाळीस कोटींवर कर्ज दिलं, तेही 7 टक्के दराने.

पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षाअखेरीस या सौद्यावर लिहिलं आणि नेमकं बोट ठेवलं. त्याच जिल्ह्यातला शेतकरी ट्रॅक्टरसाठी याच्या दुपटीच्या आसपास व्याज भरत होता. मर्सिडीज सात टक्क्यांनी, आणि जे यंत्र रान नांगरतं, ऊस ओढतं, त्याला जास्त. अन्याय आहे का? आहेच. पण नुसतं अन्याय म्हणून सोडून देऊ नका. त्या दीडशे जणांकडे पैसा होता, पत होती, तारण होतं, हे खरं. त्याच्या जोडीला त्यांच्याकडे एक यादी होती. ती यादी करायला मर्सिडीजची ऐपत लागत नाही.

गेल्या वर्षांतली उदाहरणं घ्या. 2021 मध्ये त्याच शहरात इलेक्ट्रिक गाड्या एकत्रित घेण्याची मोहीम निघाली. 2025 मध्ये जैन समाजाच्या 'जितो' संघटनेने देशभरातल्या सभासदांसाठी 186 महागड्या गाड्यांचा सौदा केला आणि 21 कोटींच्या वर रक्कम वाचवली. ज्यांना सुटीची सगळ्यात कमी गरज आहे, तेच एकत्र येऊन सूट घेतात. आणि आपण, ज्यांचा पाच हजारांनी हप्ता चुकतो, एकेकटे जातो.

वास्तविक एकत्र येणं आपल्याला कुणी शिकवायला नको. 1950 मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच हिशोबावर, की एकटा ऊसवाला व्यापाऱ्यापुढे टिकत नाही. आंदोलनासाठी आपल्या भागात एका हाकेला माणसं जमतात, सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय. मग गाडी घ्यायला वीस माणसं जमवणं अवघड आहे का? प्रत्येक हंगामाआधी ऊस वाहतुकीचे करार होतात. कोण नवीन गाडी घेणार आहे हे तिथेच कळतं. ती यादी घेऊन दोन-तीन डीलरकडून लेखी कोटेशन मागवायचं, आणि दोन-तीन बँकांकडून दर. एवढंच काम आहे.

आणि एकटे जाणार असाल तरी एवढं पाळा.

एक, फक्त 'ऑन-रोड'चा एकच आकडा मान्य करू नका. एक्स-शोरूम, कर, विमा, नोंदणी, साहित्य, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. विमा कुठून घ्यायचा हा हक्क तुमचा आहे, डीलरला सक्ती करता येत नाही.

दोन, सूट बिलावर लिहून घ्या. बिलातच किंमत कमी झाली की त्यावरचा जीएसटीही वाचतो. मूळ किमतीत एक लाख कमी झाले आणि कर 18 टक्के असेल तर अठरा हजार आणखी वाचले. 'नंतर खात्यावर टाकू' ही सूट नव्हे, उधारी आहे.

तीन, सरकारने कमी केलेला कर आणि डीलरने दिलेली सूट यांची गल्लत करू देऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 आणि ट्रॅक्टरवरचा 12 वरून 5 टक्के झाला. तो तुमचा हक्क आहे, 'ऑफर' नाही. सूट त्यानंतर मागायची.

चार, जुनी खटारा गाडी भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत केंद्रात मोडली तर प्रमाणपत्र मिळतं, आणि नवीन व्यापारी गाडीच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. ऑगस्ट 2024 मध्ये कंपन्यांनीही या प्रमाणपत्रावर मर्यादित मुदतीसाठी सूट कबूल केली. साडेतीन टनांवरच्या गाडीला 3 टक्के. तीस लाखांच्या ट्रकला नव्वद हजार होतात. मुदत चालू आहे का, ते डीलरला लेखी विचारा.

पाच, महिनाअखेर आणि मार्चअखेर टार्गेटची वेळ. पण गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते बघा. गेल्या वर्षीची गाडी असेल तर विकताना तिचा भाव पडतो, म्हणून सूटही तेवढी जास्त पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूट मिळते म्हणून गाडी घेऊ नका. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. भाडं बंद झालं, पण हप्त्याची तारीख काही पुढे गेली नाही.

शेवटी एक काम सांगतो, आजच करता येण्यासारखं. 'ऑन'च्या काळात गाड्या कमी होत्या म्हणून विकणाऱ्याचं चालायचं. आज गाड्या भरपूर आहेत, तरी त्याचंच चालतं, कारण शेजाऱ्याने कितीला घेतली हे आपल्याला माहीत नसतं. लाजेने सांगतच नाही आपण कुणी. म्हणून गेल्या दोन वर्षांत ज्यांनी गाडी घेतली त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा: कोणती गाडी, कोणता महिना, बिलावरची किंमत, खरी सूट, व्याजदर फ्लॅट का घटता. कुणाचं नाव नको, डीलरचं नको. वीस-पंचवीस जणांनी जरी लिहिलं, तरी पुढच्या माणसाला शोरूमच्या खुर्चीत बसण्याआधी खरा भाव माहीत असेल.

सुरुवात मी केलीय. माझा आकडा वर आहे: चाळीस हजारांची सूट, वजा साडेपंचेचाळीस. आता तुमचा सांगा.