नाव असलेले प्यादे

बुद्धिबळाच्या पटावरील प्यादे मारले गेले म्हणजे ते पेटीत जाऊन पडते. त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही. त्याला नाव नाही, गाव नाही, आणि पुढच्या डावात ते पुन्हा उभे राहणारच असते. आपल्या चतुरंगाच्या वंशातील जपानी शोगी या खेळात तर मारलेली सोंगटी मारणाराच्याच बाजूने पुन्हा पटावर उतरते. त्याच जपानात एप्रिल १९९० मध्ये निन्टेन्डो कंपनीने दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या आपल्या फॅमिकॉम यंत्रासाठी एक व्हिडिओ गेम विक्रीस आणला, आणि त्यात प्याद्याला नाव, चेहरा व मरण ही तिन्ही दिली. खेळाचे नाव 'फायर एम्ब्लेम', आणि त्याचे कर्ते शोझो कागा.

रीत आलटूनपालटून खेळण्याची. एकदा आपण आपली सर्व माणसे हलवावयाची, मग शत्रूने त्याची. राज्य गमावलेला मार्थ नावाचा राजपुत्र थोड्या सोबत्यांनिशी निघतो आणि वाटेत माणसे जोडीत जातो. शत्रुपक्षातील एखाद्याशी योग्य व्यक्तीने जाऊन चार शब्द बोलावे, तर तोही आपल्या बाजूस येतो. लढता लढता प्रत्येकाचे बळ वाढते. जेगन नावाचा वयस्क सरदार आरंभी सर्वांत समर्थ. परंतु सारे शत्रू त्यालाच मारू दिले तर तरुण मंडळी कच्चीच राहतात, आणि त्याची स्वतःची वाढ तर जवळजवळ खुंटलेलीच असते. दर वेळी हुशार मुलालाच फळ्यापाशी बोलावणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हा भाग अवश्य खेळून पाहावा!

या मंडळींपैकी जो पडतो तो, एखादा अपवाद सोडल्यास, कायमचा जातो. खेळाचे सामर्थ्य येथेच आहे. कोवळ्या तिरंदाजाला पुढे धाडताना हात थबकतो. गणित बरोबर असूनही मन कचरते. बुद्धिबळाने हे कधी साधलेले नाही. आणि खेळणाऱ्याची चीडही येथेच आहे. तासभर जपून खेळलेल्या लढाईच्या अखेरीस शत्रूचा एखादा दैवाचा घाव बसतो आणि आवडता घोडेस्वार नाहीसा होतो. मग कित्येक खेळाडू यंत्र बंद करून ती लढाई पहिल्यापासून आरंभितात. कर्त्याने मरण योजिले, खेळाडूने ते नाकारले! या मालिकेचा पुढील इतिहास म्हणजे माझ्या मते या नकाराशी केलेली तडजोड होय.

कागा १९९९ मध्ये मालिका सोडून गेले. २००२ च्या भागापासून दैवालाच गुपचूप आवर घालण्यात आला. वार लागण्याची शक्यता पडद्यावर शेकडा ९० दिसे, तेव्हा प्रत्यक्षात ती ९८ च्या आसपास असे. कारण यंत्र एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरी. माणसाला नव्वद म्हणजे जवळजवळ खात्रीच वाटते, हे त्या हिशेबाने ओळखले होते.

२००८ मध्ये मूळ खेळ नव्या रूपात आला, तेव्हा मात्र विपरीत घडले. त्यातील काही जादा प्रकरणे सैन्य पंधरा माणसांपर्यंत घटले असेल तरच उघडत. ज्याने सर्वांना जिवापाड जपले त्याला ती दिसतच ना. पाहावयाची तर आपलीच माणसे मुद्दाम मरणाच्या तोंडी द्यावी लागत. इतकी निष्ठुर योजना कोणी मान्य केली असेल, याचे नवल वाटते.

दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, पडलेला वीर पुढील लढाईस परत यावा अशी सवलत निघाली. २०१२ च्या 'अवेकनिंग' या भागाच्या वेळी, अडीच लाख प्रतीही न खपल्यास मालिका बंद, असे कर्त्यांना बजावलेले होते. या भागातही ती सवलत होती. खप त्या आकड्याच्या कित्येक पट झाला आणि मालिका वाचली. सवलतीला नाके मुरडणाऱ्या जुन्या खेळाडूंनी ही गोष्टही ध्यानी घ्यावयास हवी. २०१७ पासून तर काळाचे चाक उलटे फिरवून चुकलेली चाल मागे घेण्याची सोय आली. मात्र तिला बहुधा मर्यादा घातलेली असते.

जुना कठोर पर्याय 'क्लासिक' या नावाने त्यानंतरच्या भागांतही ठेवलेला आहे. तो अभिमानाने निवडणारे पुष्कळ आहेत. आणि घोडेस्वार पडला की त्यांतील बऱ्याच जणांचा हात यंत्राच्या बटणाकडे जातोच.