मुंबईच्या चित्रशाळा : तट आणि उंबरठा

जुन्या शहरांत हिंडणाऱ्या मनुष्यास इतिहास दोन ठिकाणीं भेटतो : जें उभें आहे त्यांत, आणि जें पाडलें गेलें त्याच्या नांवांत. मुंबईच्या कोटांत 'काळा घोडा' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या परिसरांत ही दुसरी भेट पदोपदीं घडते. जहांगीर चित्रशाळेसमोर फुटणाऱ्या ज्या रस्त्यास आज कैखुशरू दुभाष मार्ग म्हणतात, त्याचें इंग्रजी अमदानींतील नांव 'रॅम्पार्ट रो', म्हणजे तटाची ओळ. येथें एके काळीं खरोखरच कोटाचा तट होता. गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास, गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या कारकीर्दींत, हा तट पाडण्यांत आला. शत्रूचें भय सरलें होतें व वाढत्या व्यापारास मोकळी जागा हवी होती. तट गेला, नांव राहिलें. आणि पुढें याच टापूंत नव्या कलेचीं घरें एकामागून एक उभीं राहिलीं.

हीं घरें पाहत फिरतांना आमच्या मनांत एक प्रश्न वारंवार येतो. दगडी तट पाडावयास पहारी आणि मजूर पुरतात. परंतु चित्र आणि रस्त्यानें जाणारा मनुष्य यांच्यामध्यें जो अदृश्य तट असतो, तो कोणीं पाडला? किंवा तो अद्यापि उभाच आहे काय?

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईंत कलाशाळा सुरू झाली. चित्रें काढणारे तयार होऊं लागले. तीं मांडावयाचीं कोठें, हा प्रश्न मागाहून आला. १८८८ सालीं 'बॉम्बे आर्ट सोसायटी' स्थापन झाली. तिचीं सूत्रें प्रारंभीं बहुतांशीं युरोपियन अधिकाऱ्यांच्या व हौशी चित्रकारांच्या हातीं होतीं. तिच्या प्रदर्शनांत १८९५ सालीं म. वि. धुरंधरांस सुवर्णपदक मिळालें, १९३७ सालीं अमृता शेर-गिल यांच्या तीन मुलींच्या चित्रास मिळालें. या गोष्टी अभिमानाच्या खऱ्या. तथापि प्रदर्शनें कांहीं दिवस चालत आणि संपत, व विकलीं गेलेलीं चित्रें धनिकांच्या दिवाणखान्यांत जात. आमच्या मध्यमवर्गीय घरांत चित्र आलें तें त्या दारानें नव्हेच. मुंबईंत निघालेल्या आणि पुढें मळवलीस गेलेल्या रविवर्मा छापखान्यानें तें आणलें, आणि आम्हीं तें देवघराशेजारीं टांगलें. चित्र हें दर्शन घेण्यासाठीं असतें, हें आम्हांस कळत होतें. तें उभें राहून, वाद घालून, कधीं नापसंत करून पाहावयाचें असतें, ही संवय आम्हांस लागावयाची होती.

ती लावण्याचा पहिला खटाटोप ज्यांनीं केला, ते स्वतःच दाराबाहेरचे लोक होते. १९४७ सालीं 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' हें मंडळ निघालें. गोव्याचे सूझा, मध्यप्रांतांतून आलेले रझा, पंढरपुरास जन्मलेले हुसेन, वऱ्हाडचे गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि आरा हे त्यांतील सहाजण. यांपैकीं हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. आरा यांनीं घरगडी म्हणून राबून, मोटारी धुऊन पोट भरलें होतें. त्यांची पाठ राखणाऱ्यांत श्लेसिंजर व लांगहॅमर हे, हिटलरच्या राजवटीमुळें मध्य युरोपांतून परागंदा होऊन आलेले, गृहस्थ होते. घरगडी, फलक रंगविणारा आणि परागंदा परदेशी यांनीं मिळून या शहराच्या आधुनिक कलेचा पाया घालावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. जुलै १९४९ मध्यें या मंडळाचें पहिलें प्रदर्शन भरलें, तें याच तटाच्या ओळींत, आर्ट सोसायटीच्या दालनांत. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनीं केलें.

१९५२ सालीं सर कावसजी जहांगीर यांनीं आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगींतून जहांगीर चित्रशाळा उघडली. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाचा घुमट भव्य आहे. चित्रशाळेची इमारत मात्र ठेंगणी, काँक्रीटच्या दुमडलेल्या छपराची. घुमटाखालीं मनुष्य दबतो, या छपराखालीं तो पावसांत आडोसा घेतो. आंत जाण्यास मूल्य नाहीं. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ सालीं केकू व खुर्शीद गांधी यांनीं 'केमोल्ड' ही चित्रशाळा काढली. केकू गांधींचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटी बनविण्याचा. चौकटीच्या दुकानांत चित्रें टांगतां टांगतां ते चित्रांच्या व्यवसायांत आले. ती चित्रशाळा २००७ सालीं प्रेस्कॉट रस्त्यावर गेली. चौकापलीकडील १९११ सालचें कावसजी जहांगीर सभागृह कांहीं काळ सभांस व मुष्टियुद्धाच्या सामन्यांस भाड्यानें दिलें जात असे. शिल्पकार पिलू पोचखानावाला आदि कलावंतांनीं दीर्घ काळ खटपट केली, तेव्हां १९९६ सालीं तेथें राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आलें.

आतां त्या घोड्याविषयीं. सातवे एडवर्ड युवराज असतांना त्यांनीं हिंदुस्थानास भेट दिली, तिच्या स्मरणार्थ सर आल्बर्ट ससून यांनीं त्यांचा अश्वारूढ पुतळा करविला. तो १८७९ सालीं चौकांत उभा राहिला. लोकांनीं नांव ठेवलें तें घोड्याचें. स्वाराकडे त्यांनीं लक्षच दिलें नाहीं. १९६५ सालीं पुतळा तेथून हलवून भायखळ्यास नेला, आणि २०१७ सालीं चौकांत नवा काळा घोडा आला, तो स्वारावांचून. नामकरणाचा लोकांचा हक्क येथें अखेर शिल्पानेंहि मान्य केला. जुना पुतळा राणीच्या बागेपाशीं, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. १८७२ सालीं उघडलेल्या या संग्रहालयाचा जीर्णोद्धार होऊन २००८ सालीं तें पुन्हां खुलें झालें. मातीच्या जुन्या बाहुल्यांच्या कपाटांशेजारीं आजच्या कलावंतांचीं कामें तेथें मांडण्याचा प्रघात पडला आहे. बागेंतील जनावरें पाहण्यास निघालेलीं कुटुंबें सहज आंत शिरतात. चित्रशाळेंत आपण आलों आहोंत हें त्यांच्या ध्यानींहि नसतें.

मागें एका दुपारीं जहांगीरच्या पायऱ्यांवर एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी उभीं होतीं. 'तिकीट किती?' असें त्यांनीं दरवानास विचारलें. 'कांहीं नाहीं, जा कीं आंत,' असें उत्तर मिळालें. तरी ते घुटमळले. स्वतःच्या चपलांकडे पाहूं लागले. 'आपल्याला काय समजणार त्यांतलें?' असें पत्नी हळूच म्हणाली. तोंवर मुलगी आंत पळाली होती. तिला आणावयास म्हणून दोघें आंत गेलीं, तीं अर्ध्या तासानें बाहेर आलीं. एका चित्रावरून त्या तिघांचा वाद चालला होता, आणि तो रस्ता ओलांडीपर्यंत आमच्या कानीं येत होता.

कोटाचा तट सरकारनें पाडला, तो एका हुकमानें. हा दुसरा तट हुकमानें पडत नाहीं आणि देणगीनेंहि पडत नाहीं. देणगीनें फार तर त्यास दार पडतें. उंबरठा ज्याचा त्यानेंच ओलांडावा लागतो. आमच्या वाचकांनीं मुंबईस गेल्यावर वस्तुसंग्रहालय पाहून परततांना शेजारच्या त्या ठेंगण्या छपराखालीं एकवार जरूर थांबावें, आणि शक्य तर एखादें मूल बरोबर न्यावें.