अणूंची मोजदाद आणि इतिहासाची साक्ष



कागद, शिलालेख आणि नाणी यांची साक्ष तपासणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे नित्याचे काम आहे. परंतु ज्या वस्तूवर एकही अक्षर कोरलेले नाही, तिला तिचे वय कसे विचारावे? विसाव्या शतकाने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराविषयी मी आज बोलणार आहे.

विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकात शिकागो विद्यापीठात कार्बन-१४ वर आधारलेली कालमापन पद्धती उभी केली. १९६० मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती वा प्राणी जिवंत असेतो हा किरणोत्सारी कर्ब त्याच्या देहात येत राहतो. मृत्यूनंतर आवक थांबते आणि सुमारे ५,७३० वर्षांत त्यातला अर्धा उरतो. मात्र जुनी उपकरणे केवळ विघटन पावणारे अणू मोजत. एक ग्रॅम ताज्या कर्बात असे अणू मिनिटाला जेमतेम चौदा. त्यामुळे नमुना मोठा लागे, आणि तो जाळावा लागे.

१९७७ च्या सुमारास अमेरिका व कॅनडा येथील शास्त्रज्ञांनी विघटनाची वाट न पाहता कणत्वरकाच्या साहाय्याने अणूच मोजण्याचा मार्ग काढला. जवळजवळ तेवढ्याच वस्तुमानाचा नायट्रोजन ही मोठी अडचण होती. पण त्याचा ऋणभारित आयन टिकत नाही, म्हणून तो आरंभीच गळतो. सारख्या वजनाचे रेणू पुढे त्वरकात फुटतात. त्यामुळे काही मिलिग्रॅम नमुना पुरेसा झाला.

याची खरी कसोटी लागली ती इटलीतील तूरिन येथे. येशू ख्रिस्ताचे प्रेतवस्त्र म्हणून असंख्य भाविक ज्या लिननच्या वस्त्रापुढे नतमस्तक होत, त्याच्या कडेची चिंचोळी पट्टी २१ एप्रिल १९८८ रोजी कापण्यात आली. ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झ्युरिक येथील प्रयोगशाळांना त्यातील तुकडे मिळाले. सोबत ज्यांचा काळ इतर पुराव्यांनी ठाऊक होता अशी जुनी वस्त्रेही दिली गेली. म्हणजे परीक्षा वस्त्राची तशीच प्रयोगशाळांचीही होती. निष्कर्ष निघाला : इ. स. १२६० ते १३९०, खात्री ९५ टक्के.

मला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. हा निष्कर्ष १३ ऑक्टोबर १९८८ रोजी जगाला सांगितला तो तूरिनचे कार्डिनल बालेस्त्रेरो यांनी स्वतः. दुसरी गोष्ट अशी की, हे वस्त्र चित्रकाराने रंगविलेले आहे, असे फ्रान्समधील बिशप पियेर दार्सी यांनी १३८९ मध्येच लिहून ठेवले होते. त्या कागदाला हितसंबंधाचा वास येतो, असे म्हणणारे होते. सहाशे वर्षांनी अणूंनी त्याच्या काळाला दुजोरा दिला. ते चित्र कसे उमटले, यावर मात्र अणू मौन बाळगतात. त्यांना कळते ते एवढेच, की ज्या जवसाचा तो धागा, ते पीक केव्हा कापले गेले.

२०१९ मध्ये मूळ आकड्यांच्या फेरतपासणीतून तिन्ही प्रयोगशाळांच्या मोजमापांतील तफावतीवर बोट ठेवले गेले. त्याचे मला वाईट वाटत नाही. मूळ आकडे अखेर खुले झाले म्हणूनच ते पुन्हा तपासता आले. श्रद्धेच्या वस्तूला प्रश्न विचारू देणे आणि आपल्या उत्तरालाही प्रश्न विचारू देणे, ही शिस्त या शाळेच्या वर्गांतून पुढच्या पिढीकडे जावी, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.