रेडिओ संदेशांवर चालणारी घड्याळे आणि बंगळुरूचा वाटा

स्वतःची वेळ स्वतःच दुरुस्त करणारी घड्याळे युरोप, अमेरिका व जपानमध्ये अनेक वर्षांपासून वापरात आहेत. जर्मनीत फ्रँकफर्टजवळील माइनफ्लिंगेन येथील केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचे संदेश प्रक्षेपित करते. दर सेकंदाला एक याप्रमाणे पाठविलेल्या सांकेतिक चिन्हांतून मिनिट, तास, वार व तारीख कळते. साधारणतः रात्रीच्या वेळी घड्याळातील ग्राहक हा संदेश टिपतो आणि काटे जुळवून घेतो.

भारतात मात्र असे दीर्घलहरी केंद्र नाही. त्यामुळे परदेशातून आणलेले असे घड्याळ बंगळुरूत साध्या क्वार्ट्झ घड्याळाप्रमाणेच चालते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ‘एटीए’ हे लघुलहरी केंद्र ५, १० व १५ मेगाहर्ट्झवर वेळेचे संदेश देत असे. ती सेवा आता बंद झाली आहे.

बंगळुरूचे घड्याळांशी नाते जुने आहे. हिंदुस्तान मशीन टूल्स अर्थात एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. पुढे सिटिझनने रेडिओ संदेशांवर जुळणारी मनगटी घड्याळे बाजारात आणली. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला.

आज अचूक वेळेचे काम उपग्रहांकडे आले आहे. बंगळुरूजवळील ब्यालालू येथे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे म्हणजेच इस्रोचे दिशादर्शन केंद्र २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. तेथील अणुघड्याळांच्या समूहावरून ‘नाविक’ या स्वदेशी दिशादर्शन प्रणालीची वेळ ठरते. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास सेकंदाचा आठवा भाग लागतो. चार उपग्रहांचे संदेश एकत्र करून ग्राहक आपले स्थान व वेळ दोन्ही काढतो. वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

हीच या प्रणालीची नाजूक बाजू ठरली. पहिल्या उपग्रहातील तिन्ही आयात केलेली अणुघड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘एनव्हीएस-०१’ उपग्रहात प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने ते विकसित केले. या उपग्रहावरील एल-१ संदेशामुळे मनगटी घड्याळांसारख्या छोट्या उपकरणांत ‘नाविक’चा वापर सुलभ होतो.

वीजवाहिन्यांचे जाळे, दूरसंचार, बँका व शेअर बाजार यांचे व्यवहार अचूक वेळेवर अवलंबून असतात. ही वेळ अमेरिकेच्या जीपीएससारख्या परकीय प्रणालीवरून घेतल्यास तिच्यावर देशाचे नियंत्रण राहत नाही. या पार्श्वभूमीवर बंगळुरू, अहमदाबाद, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथील प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळांमधून भारतीय प्रमाणवेळ पुरविण्याचा प्रकल्प राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा व इस्रो यांच्या सहकार्याने हाती घेण्यात आला. प्रमाणवेळेचा वापर बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.