टेलिफोन पायोनिअर्स : सेवानिवृत्त हातांचा इतिहास

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे एकस्व १८७६ साली मिळाले. पुढील तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेच्या गावोगावी तारा पोहोचल्या आणि ज्यांनी प्रथम खांब रोवले, त्या पिढीचे केस पांढरे झाले. जुने सहकारी पुन्हा एकत्र यावेत, ही कल्पना हेन्री पोप आणि त्यांच्या काही स्नेह्यांना सुचली. त्यातूनच नोव्हेंबर १९११ मध्ये बॉस्टन शहरी ‘टेलिफोन पायोनिअर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेचा पहिला मेळावा भरला. स्वतः बेल तेथे उपस्थित होते. एटी अँड टी कंपनीचे प्रमुख थिओडोर वेल हे संस्थेचे पहिले अध्यक्ष.

प्रारंभी ही निव्वळ स्नेहसंमेलने होती. दीर्घ सेवा झालेल्यांनाच सभासदत्व मिळे. जेवण, भाषणे आणि जुन्या आठवणी एवढाच कार्यक्रम असे. अशा संस्था बहुधा आपल्या संस्थापकांबरोबरच संपतात. ही संपली नाही, कारण १९५८ साली तिने समाजसेवा हे आपले अधिकृत कार्य म्हणून स्वीकारले. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो. या माणसांजवळ वेळेखेरीज हातात कसबही होते. तार जोडणे, डाग देणे, बिघडलेले यंत्र उघडून दोष शोधणे हे त्यांनी आयुष्यभर केले होते.

या कसबाला १९६० पासून मोठे काम मिळाले. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने अंध वाचकांसाठी राष्ट्रीय ग्रंथालय योजना सुरू झाली होती आणि १९३४ पासून ध्वनिमुद्रित ‘बोलकी पुस्तके’ टपालाने विनामूल्य घरी येऊ लागली होती. त्यासाठी लागणारे यंत्रही योजनेतूनच मिळे. परंतु यंत्र म्हटले की बिघाड आलाच. कधी सुई झिजे, कधी मोटर अडे, आणि यंत्र बंद पडले की त्या घरातील वाचनही थांबे. पायोनिअर्स मंडळींनी या दुरुस्तीचे काम अंगावर घेतले. पुढे तबकड्या जाऊन कॅसेट आल्या, तरी हे काम चालूच राहिले. ज्यांच्यासाठी ते चाले, त्यांना दुरुस्त करणाऱ्याचे नावही ठाऊक नसे.

याहून वेगळी हकिकत चेंडूची. १९६४ साली माउंटन बेल कंपनीतील अभियंते चार्ली फेअरबँक्स यांनी सॉफ्टबॉलच्या चेंडूत ‘बीप बीप’ असा आवाज करणारे लहानसे यंत्र बसविले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील अंध विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी तो होता. दिसत नसलेला चेंडू आता ऐकू येऊ लागला! परंतु सुरुवातीच्या नियमांत खेळाडूंना इजा होऊ नये यावरच इतका भर दिला गेला की खेळ नीरस झाला आणि मागे पडला. चूक सद्भावनेचीच होती. सेवा करणारे पुष्कळदा तीच करतात. मुलांना जपून ठेवले जाणे नको होते, त्यांना धावायचे होते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास मिनेसोटातील पायोनिअर्सनी अधिक टिकाऊ चेंडू तयार केला, नियम मोकळे झाले आणि १९७६ साली राष्ट्रीय बीप बेसबॉल संघटना स्थापन झाली. या खेळात चेंडू टाकणारा डोळस असतो व फलंदाजाच्याच संघाचा असतो. फलंदाजाने टोला मारताच दोन खांबांपैकी एक गुणगुणू लागतो. कोणता, हे त्याला आधी माहीत नसते. क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलण्यापूर्वी त्या खांबाला स्पर्श केला तर धाव मिळते. कोणाला किंचित दिसत असले तर त्याचा लाभ होऊ नये म्हणून सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी असते. खेळाडू जमिनीवर सूर मारतात, आपटतात, खरचटतात, आणि पुन्हा उभे राहतात.

बेल यांच्या आईला ऐकू येत नसे, पत्नीही कर्णबधिर होत्या आणि ते स्वतः बॉस्टनमध्ये कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या यंत्रावर उपजीविका केलेल्या माणसांनी अंधांसाठी ध्वनीची साधने सांभाळावीत, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

१ जानेवारी १९८४ रोजी बेल व्यवस्थेचे विभाजन झाले. एटी अँड टीपासून सात प्रादेशिक कंपन्या वेगळ्या झाल्या. कालचे सहकारी आज निरनिराळ्या, प्रसंगी परस्परस्पर्धी कंपन्यांचे नोकर ठरले. संस्थेचे मात्र तसे तुकडे झाले नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे कामगार आणि निवृत्त मंडळी तिच्या एकाच छत्राखाली काम करीत राहिली. पुढे मोबाइल आला आणि २००९ पासून बोलक्या पुस्तकांसाठी डिजिटल यंत्रे वाटली जाऊ लागली. तारेच्या जमान्यातील डाग देण्याचे लोखंड तेवढे अनेकांच्या घरी उरले.