इझ्राएलचे संरक्षण-उपमंत्री शिमोन पेरेस : अधिकार आणि कागद

पदाचें नांव आणि पदाची वहिवाट हीं भिन्न असूं शकतात, हें जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस सांगणें नलगे. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांचें वजन केवळ 'मुतालिक' या शब्दावरून कळत नाहीं. हाच विचार अर्वाचीन काळांतील एका लहान राष्ट्राच्या संरक्षण-उपमंत्र्यास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इझ्राएलचें राज्य इ. स. १९४८ मध्यें स्थापन झालें. पहिले मुख्य प्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनीं संरक्षणखातेंहि स्वतःपाशींच ठेविलें. एकाच पुरुषावर दोन भार आल्यामुळें खात्याचा नित्याचा कारभार साहाय्यकाच्या हातीं गेला. हे साहाय्यक म्हणजे शिमोन पेरेस. ते इ. स. १९५३ पासून खात्याचे महासंचालक व १९५९ पासून १९६५ पर्यंत उपमंत्री होते. फ्रान्सकडून शस्त्रें व विमानें मिळविणें, दिमोना येथील अणुभट्टीची सिद्धता करणें, हीं कामें मुख्यतः त्यांच्याच हातून झालीं.

परंतु हा हात कागदावर क्वचितच उमटतो. ऑक्टोबर १९५६ मध्यें, पेरेस महासंचालक असतांना, पॅरिसनजीक सेव्र येथें इजिप्तवरील स्वारीचा गुप्त करार झाला. पेरेस तेथें हजर होते. सह्या मात्र बेन-गुरियन, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री पिनो आणि ब्रिटिश अधिकारी पॅट्रिक डीन यांच्या आहेत. ब्रिटिश प्रत मुख्य प्रधान ईडन यांच्या आज्ञेनें नष्ट करण्यांत आली. इझ्राएलची प्रत राहिली, म्हणूनच तो करार आज मूळ कागदानिशीं सिद्ध करतां येतो.

पुढें उपमंत्री या नात्यानें पेरेस २ एप्रिल १९६३ रोजीं वॉशिंग्टन येथें अध्यक्ष केनेडी यांस भेटले. अण्वस्त्रांविषयीं प्रश्न निघतांच त्यांनीं उत्तर दिलें कीं, त्या प्रदेशांत अण्वस्त्रें आणणारें पहिलें राष्ट्र इझ्राएल होणार नाहीं. हें उत्तर ऐनवेळीं सुचलें, असें पेरेस मागाहून सांगत. स्वतःच्या कर्तृत्वाविषयीं स्वतःचेंच कथन एकटें प्रमाण धरूं नये, हा नियम येथेंहि पाळला पाहिजे. तथापि त्याच वर्षीं जूनमध्यें बेन-गुरियन पायउतार होऊन लेव्ही एश्कोल अधिकारावर आले, तरी तें वाक्य टिकलें. मार्च १९६५ मध्यें अमेरिकेशीं झालेल्या लेखी समजुतींत तें समाविष्ट झालें, आणि पुढील सरकारांनींहि तेंच धोरण चालविलें. उपमंत्र्याच्या मुखांतून निघालेलें उत्तर अशा रीतीनें राज्याचें वचन बनलें.

केवळ सह्या पाहून अधिकाराचा निर्णय करणारा संशोधक येथें खास फसेल. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, सहीशिक्क्याच्या कागदाबरोबरच भेटींचीं टिपणें, तारा व मसुदे हींहि जपावीं. राष्ट्ररक्षणाचा निर्णय कित्येकदां प्रथम त्यांतच उतरतो; तीं नाहींशीं झालीं म्हणजे तो निर्णय कोणाचा, हें सांगणारा साक्षीदार उरत नाहीं.